आईच्या फोनमधली जागा

रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही, आणि त्या माणसांत पहिला नंबर माझ्या सख्ख्या भावाचा. दादा देवासला राहतो, मी धारला. दव पडलेला गुलाब, त्याच्यावर हिंदीत शुभ प्रभात, खाली कुठल्यातरी महाराजांचं वचन. ते पाठवणाऱ्यानं वाचलेलंसुद्धा नसतं. आईशी चार शब्द बोलायला तुला सवड नाही आणि गुलाब पाठवायला बरी सवड मिळते, असं मी त्याला एकदा फोनवर सुनावलं होतं. त्यावर तो म्हणाला, "हाँ, बोल."

हे त्याचं नेहमीचं. मी चिडू दे, ओरडू दे, वाटेल ते बोलू दे, पलीकडून थंडपणे "हाँ, बोल." उलट उत्तर नाही, फोन आपटणं नाही. भांडणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान कुणी करू शकत नाही. पूर्वी तो असा नव्हता. कॉलेजात होता तेव्हा माझ्या एका शब्दावर ताटावरून उठून जायचा. आई माझ्याकडे राहायला आली त्यानंतर कधीतरी त्याला हे "हाँ, बोल" सुचलं. मी त्याचा अर्थ एवढाच घेतला, की जोखीम अंगावरून गेली म्हणून गडी निवांत झाला.

आई माझ्याकडे आली ती गुडघ्यांमुळे. दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर, माझं तळमजल्यावर. मी लग्न केलं नाही, धारच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करते, घरात एकटी. सगळ्यांच्या सोयीचं झालं. देव मात्र देवासलाच राहिले, कारण देव मुलाकडे जातात. म्हणजे देव मुलाकडे आणि आई मुलीकडे, अशी आमच्या घरची वाटणी. मी हे बोलून दाखवलं की आईला राग यायचा.

फोन तिला दादानं घेऊन दिला होता. स्वतःच्याच आयडीवर चालू करून दिला आणि वर मला सांगितलं, "इसमें कुछ छेड़ना मत." म्हणजे त्यात हात घालू नकोस. हात नाही घालायचा तर चालवणार कोण? आईला फोन उचलता यायचा, गुलाब उघडता यायचा, आणि लाल ठिपका दाबून बोललेलं साठवता यायचं. बाकी सगळं माझ्या डोक्यावर.

त्या फोनमध्ये जागाच नसायची. दर रविवारी चहा झाला की आई तो माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "बघ बाई, पुन्हा भरला म्हणतोय." मग मी चष्मा चढवून फाइल मॅनेजर उघडायची. फोटो, व्हिडिओ, डाउनलोड, सगळीकडे दादाचे गुलाब. गुलाब, दिवे, डमरू, टेकडीवरच्या देवीचे आजचे दर्शन, कुणाचातरी नाचणारा नातू, मधुमेहावर जांभळाच्या बियांचा उपाय. मी एकदम सगळे निवडायची आणि कचऱ्याच्या डब्यावर बोट न्यायची. की आईचा हात मधे.

"ते नको पुसूस. त्यानं पाठवलंय."

"आई, हा गुलाब त्यानं कालही पाठवला होता."

"असू दे. पाठवलाय ना."

मी ते भांडण दर रविवारी हरत असे. आणि मग जागा कुठून काढायची? आईच्या स्वतःच्या आवाजातून. कारण त्या फोनमध्ये गुलाबांखेरीज फक्त तिच्या रेकॉर्डिंगा होत्या.

त्यांचं असं झालं. आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात, नवरात्र असतं, बारीकसारीक कुळाचार भरपूर. आईनं ते सगळं लिहून ठेवलं होतं, जुन्या घोटीव, मोडी वळणाच्या अक्षरात. वहिनी देवासचीच, शिकली हिंदी शाळेत. मराठी छान बोलते, मला अजून "वन्सं" म्हणते, तिच्या बरोबरीच्या कुणी म्हणत नाहीत. पण वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. आईचे कागद तिनं हातात घेतले, दोन ओळी बोटानं चाचपल्या आणि खाली ठेवले. म्हणाली, "आई, मुझसे ये पढ़ा नहीं जाता. तुम्ही बोलून ठेवा ना. मी ऐकून करीन."

म्हणून आई बोलून ठेवायला लागली. मी कचेरीत गेले की दुपारी खिडकीशी बसून. संध्याकाळी मी आले की फोन उशाखाली गेलेला असायचा. रेकॉर्डिंगा लांबलचक असत, पाठवायला गेलं तर जात नसत. आई म्हणायची, "आत्ताच नको. सगळं सांगून झालं की एकदम देऊ." फोन त्या फाइलींना नुसती तारीख आणि वेळ घालून ठेवायचा. सगळ्या सारख्याच दिसायच्या. एकदा फोन इतका भरला की बोलता बोलता रेकॉर्डिंग बंद पडलं आणि आई एकटीच पुढे बोलत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "माझं अर्धं गेलं वाटतं." गुलाब होते तिथेच होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तडक घोडा चौपाटी म्हणतात त्या चौकातल्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड घेऊन आले.

मागचं झाकण नखानं उचकटून ते कार्ड मी आत बसवलं आणि आईच्या सगळ्या रेकॉर्डिंगा निवडल्या. फोन विचारतो, कॉपी करू की मूव्ह करू? कॉपी केली तर दोन्हीकडे राहणार, जागा सुटणार नाही. म्हणून मूव्ह. त्यानंतर दर रविवारी हाच माझा नेम. आठवडाभराचं बोलणं उचलायचं आणि कार्डावर नेऊन ठेवायचं. उघडून कधी ऐकलं नाही. ऐकायचं काय, बोलणारी समोर बसलेली होती.

आई उन्हाळ्यात गेली. पडली नाही, झडली नाही, दोन दिवस ताप आला आणि गेली. दिवस देवासला झाले, मुलाच्या घरी, रीतीप्रमाणे. दादानं आईचा फोन पहिल्याच दिवशी खिशात घातला, म्हणे बँकेचे मेसेज त्याच्यावर येतात. मी तेव्हा भांडले नाही. भांडायचं त्राण नव्हतं.

तेराव्याला मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. पुढच्या खोलीत दादा सोवळ्यात बसला होता आणि गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत होता. दोन वर्षं तिला आंघोळ मी घातली, औषधं मी दिली, आणि तिच्या नावानं पाणी सोडायच्या वेळी मी कढईपुढे. कुणी मला मुद्दाम बाहेर ठेवलं असं नाही. कुणाला सुचलंच नाही, एवढंच. मला त्याचा आला तेवढा राग मी वड्यांवर काढला. वडे करपले.

धारला परत आल्यावर घर रिकामं. चार दिवस मी तग धरला. मग मला तिचा आवाज ऐकावासा वाटला. मी दादाला फोन केला आणि म्हटलं, रविवारी येते, आईचा फोन काढून ठेव, मला त्यातल्या रेकॉर्डिंगा घ्यायच्या आहेत.

"फोन नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये म्हणजे?"

"दिला. दानात."

मला आधी कळलंच नाही. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू गुरुजींना देतात. अंथरूण, छत्री, चपला, तांब्याभांडं. माणसाला पुढच्या वाटेवर उपयोगी पडाव्यात अशी भावना. दादानं त्या वस्तूंत आईचा फोन ठेवला होता.

"अगं, शेवटी शेवटी तिच्या हातातून एकच वस्तू सुटत नव्हती," तो म्हणाला. "छत्री तिनं दहा वर्षांत उघडली नाही. मग खरी वापरातली वस्तू कोणती? मी विचार करून दिला. चार्जरसकट दिला. दान अर्धवट नको."

चार्जरसकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अरे, त्यात आईचा आवाज होता."

"सगळ्याचा बॅकअप घेतला मी," तो म्हणाला. "मग रीसेट मारला. दानाची वस्तू कोरी पाहिजे, तिच्यावर आपलं काही राहता कामा नये. मी काय मूर्ख आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर दिलं. तो म्हणाला, "हाँ, बोल."

बॅकअप त्याच्या आयडीवर होता. त्यानं मला पासवर्ड दिला आणि मी धारला बसून तो उघडला. गुलाब. एकूण एक गुलाब. दिवे, डमरू, देवीचं दर्शन, जांभळाच्या बिया. त्यानं आईला पाठवलेलं सगळंच्या सगळं, एकही पाकळी न गळता, त्याचं त्याला परत मिळालं होतं. आईचा एक शब्द नव्हता. मी खुर्चीत बसून मोठ्यानं शिव्या दिल्या. भिंतीपलीकडची शेजारीण विचारायला आली, काय झालं.

तिला सांगता सांगता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅकअपमध्ये रेकॉर्डिंगा नव्हत्या कारण त्या फोनमध्ये नव्हत्याच. त्या कार्डावर होत्या, मीच नेऊन ठेवल्या होत्या. आणि रीसेट मारला की फोन कोरा होतो, कार्ड होत नाही. कार्ड पुसायला वेगळी खूण करावी लागते आणि दादा कुठलीही सूचना शेवटपर्यंत वाचणारा माणूस नव्हे. म्हणजे आई अजून त्या झाकणाखाली होती. दादा तिला दान देऊन मोकळा झाला होता, पण ती होती.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली, इंदूरला बस बदलली आणि दुपारी देवासला त्याच्या दारात उभी राहिले. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"परत मागायचं? दिलेलं दान?"

"फोन नकोय मला. नखाएवढं कार्ड हवंय."

"दान ते दान. परत घेतलं तर आईला लागेल. तिकडे."

"तिकडे तिला गुलाब बघायला फोन लागणार असेल तर तू अजून एक घेऊन दे."

वहिनी मधे पडली. ती फारशी बोलत नाही, पण तेव्हा बोलली. "यंदा सण नाहीत ते ठीक. पुढच्या भाद्रपदात मी महालक्ष्म्या कुणाला विचारून उभ्या करू? मला वाचता येत नाही, आई नाहीत. ते कार्ड तर आणावंच लागेल." दादा पायात चपला सरकवून म्हणाला, "चला. गुरुजींना विचारू. ते म्हणतील ते."

गुरुजी टेकडीच्या पायथ्याशी राहतात. दादा त्यांच्या ओट्यावर खाली मान घालून बसला आणि मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असणार, कारण आतून दोघीजणी डोकावून गेल्या. गुरुजींनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग दादाला म्हणाले, "तुम्हाला मागता येणार नाही. संकल्प तुमचा, पाणी तुम्ही सोडलं. तुम्ही हात पुढे केलात की दान मोडलं."

"तेच म्हणतोय मी हिला," दादा म्हणाला.

"पण यांनी कुठं काय दिलंय?" गुरुजी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही त्या वेळी होतात कुठं?"

"आत. वडे तळत."

"मग तुमचं दान नाही. तुम्ही मागितलंत तर ते परत घेणं होत नाही, ते नुसतं मागणं आहे. मी द्यायला मोकळा आणि तुम्ही घ्यायला मोकळ्या."

ज्या बाहेर ठेवण्याचा मला राग होता, त्याच्याच जिवावर माझं काम झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसतं "बरं" म्हटलं. फोन मात्र गुरुजींकडे नव्हता. त्यांनी तो आपल्या मुलीला दिला होता आणि ती बागलीला, सासरी.

दादा म्हणाला, "बैठ. गाडी काढतो." देवासहून बागलीला जायला हाटपिपल्यावरून रस्ता आहे. तो सगळा रस्ता मी बोलत होते. गुलाबांपासून सुरुवात केली, मग दुसऱ्या मजल्यावर आले, मग मागच्या दिवाळीवर, मग लहानपणी त्यानं फोडलेल्या माझ्या पाटीपर्यंत गेले. शेताशेतांत सोयाबीनसाठी नांगरणी चालली होती, काचेतून धूळ येत होती, आणि तो समोर बघून गाडी चालवत होता. मी श्वास घ्यायला थांबले की म्हणायचा, "हाँ, बोल." एकदा मी म्हटलं, "तुला लाज नाही वाटत रे?" त्यालाही तेच.

बागलीला तो गाडीतून उतरला नाही. दान दिलेल्यानं त्या दारात उभं राहू नये म्हणून त्यानं गाडी लांब, लिंबाखाली लावली. मी एकटी गेले.

गुरुजींची मुलगी तिशीतली, हसरी. वडिलांचा फोन तिला आधीच गेला होता. मला आत बसवून पाणी दिलं आणि आईचा फोन समोर आणून ठेवला. त्याला आता गुलाबी कव्हर होतं. मी तो हातात घेतला आणि उगाचच उशाखालचा तेलाचा वास शोधला. नव्हता.

"कार्ड आहे ना आत?" मी विचारलं.

"है ना. फुल था पूरा. मला मुलीचे व्हिडिओ काढायला जागाच नव्हती, तर वरच्या काही फाइली मी उडवल्या. आधी माहीत नव्हतं ना, काय आहे ते. नुसत्या तारखा होत्या."

मी ते गुलाबी कव्हर काढायला लागले. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वस्तूबद्दल मी काय बोलणार होते?

"मग एक उघडून ऐकली," ती सांगत होती. "ऐकल्यावर मग नाही उडवल्या. किती छान सांगतात आजी. दुपारी भांडी घासताना लावते मी. त्यांच्यासारखं पुरण केलं परवा, जायफळ शेवटी घालून." मग जरा थांबून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही धारच्या ताई ना?"

"हो. का?"

"नाही, आजी बोलतात तुमच्याबद्दल."

"काय बोलतात?"

ती हसली. "घरी जाऊन ऐका."

त्या क्षणी मला तिचा जो राग आला तो सांगता येणार नाही. माझी आई. मी मेली इतके दिवस तिच्या आवाजासाठी तडफडतेय, आणि ही कोण कुठली, भांडी घासताना तिला ऐकतेय, माझ्या आधी. मी पर्समधून कार्ड रीडर काढला, कार्ड त्यात घातलं आणि माझ्या फोनला जोडलं. फाइली दिसल्या. खूप होत्या, पण जितक्या मी नेऊन ठेवल्या होत्या तितक्या नव्हत्या. सगळ्या निवडल्या. कॉपी की मूव्ह, फोननं पुन्हा विचारलं. आता माझा मूव्हवर विश्वास उरला नव्हता. कॉपी केलं. ती हिरवी पट्टी टोकाला पोचेपर्यंत मी पापणी हलवली नाही.

झाल्यावर तिला नवं कोरं कार्ड दिलं, जुन्यातले तिच्या मुलीचे व्हिडिओ त्यावर उतरवून दिले आणि जुनं कार्ड मागून घेतलं. तिनं दिलं. निघताना म्हणाली, "ताई, आजींचं मला पण ठेवू देता? पुरणाचं तेवढं?" मी नाही म्हणणार होते. तोंडातून हो गेलं. ती फाइल कुठली ते तिलाच माहीत होतं, तिनंच शोधून घेतली.

गाडीत बसल्यावर दादानं विचारलं, "मिळालं?" मी म्हटलं, "अर्धं. तुझ्या कृपेनं." परतीचा सगळा रस्ता मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण गप्प बसले नाही हे नक्की.

रविवारी, धारला, चहा झाल्यावर मी आईच्या जागी खिडकीशी बसले आणि पहिली फाइल लावली. आधी खरखर, मग खोकला, मग आई. "राजा, ऐक. तुझ्या बायकोला सांग..."

राजा म्हणजे दादा. मी पुढची लावली. "राजा, हे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचं. पडवळ नाही मिळालं तर गिलकी घे म्हणावं, अडत नाही काही." पुढची. "राजा, आंबील आदल्या दिवशीच लाव." सगळ्या तशाच. कुळाचार वहिनीला सांगायचा, पण हाक दादाला मारायची. एकाही फाइलीत माझं नाव नाही. ज्या खोलीत बसून ती बोलत होती ती खोली माझी, ज्या कार्डावर ते राहिलं ते कार्ड मी आणलेलं, आणि बोलणं सगळं देवासकडे तोंड करून. मला तिचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, मला चांगला कडकडून आला. चहाचा कप मी सिंकमध्ये असा ठेवला की त्याचा कान तुटला.

तरी ऐकत राहिले. शेवटच्या फाइलीवर तारीख तिला ताप यायच्या जरा आधीची होती. तिच्यात नैवेद्य नव्हता, नवरात्र नव्हतं.

"राजा, सांगायचं ते बहुतेक झालं. आता हिचं. ही तुला फोन करेल नि वाटेल ते बोलेल. तू मागे मला विचारलं होतंस ना, आई, ही अशी का बोलते, मी काय करू? मी सांगितलं तेच करत जा. उलट बोलू नकोस. फोन ठेवू नकोस. हाँ, बोल म्हणायचं आणि ऐकायचं. दिवसभर कचेरीत तोंड दाबून बसते रे ती. घरी आली की मी म्हातारी, मला काय बोलणार? तिला ओरडायला दुसरं आहे कोण? मी गेल्यावर तर तू एकटाच. दमलास तरी ऐक... थांब, कडी वाजली. आली ती."

मग कापडात गुंडाळल्यासारखा आवाज. फोन उशाखाली गेला, पण बंद करायचा राहिला. त्या उशीच्या आतून लांबून एक कर्कश बाई ओरडताना ऐकू आली, "काय गं, पुन्हा भरवून ठेवलास ना फोन? किती वेळा सांगायचं तुला?" आई हळूच म्हणाली, "हो बाई, चुकलं." मग पुष्कळ वेळ भांडी, नळ, आणि त्या बाईचं बोलणं. जागा संपली तिथे फाइल तुटली.

रडले, ते सांगायला नको.

दुपारी बाकीच्या सगळ्या फाइली मी वहिनीला पाठवल्या, जमतील तशा तुकड्यांत, जातील तितक्या. त्यांना नावंही दिली, आंबील, फुलोरा, नैवेद्य, म्हणजे शोधायला नको. दादालाही पाठवल्या. त्याच्या एकाही फाइलीवर पोचल्याची खूण येईना. शेवटची एक मात्र पाठवली नाही. ती माझ्या फोनमध्ये आहे, कार्डावर आहे, आणि कचेरीतल्या कपाटात ठेवलेल्या आणखी एका कार्डावर आहे. तिन्हीकडे कॉपी.

संध्याकाळी मी त्याला फोन लावला.

"अगं, काय पाठवतेयस एवढं?" तो म्हणाला. "माझ्या फोनमध्ये जागा नाहीये. भरलाय पूर्ण."

"भरणारच. गुलाब पुसले असतेस तर आईला जागा झाली असती."

"हाँ, बोल."

इतके दिवस जो शब्द ऐकून मी पेटत आले, तो कुणाचा ते आता मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी बोलत नाही असं बघून पलीकडे तो जरा घाबरला.

"बोल ना," तो म्हणाला. "ऐकतोय मी. फोन नाही ठेवला."

मी डोळे पुसले आणि त्याला पाटी फोडल्यापासून पुन्हा सुरुवात केली.